वामनदादांचा कार्यक्रम समोर बसून कोणी ऐकलाय का?

प्रश्न: आंबेडकरी लोकशाहीर वामनदादा कर्डक २००४ साली गेले, तेव्हा मी पाळण्यात. मोबाइलवर ऐकतो, पण आजी म्हणते, "हे काय ऐकणं!" प्रत्यक्षात एवढं वेगळं काय होतं?

उत्तर: भीमजयंती होती, मी सहा वर्षांचा. रात्री साडेबाराला दादा उभे राहिले. पेटीचा एक सूर बसका, कर्णा मध्येच कुंई करायचा. ओळ अर्धी म्हणून थांबायचे. उरलेली बायकाच पुरी करायच्या. आईच्या मांडीवर झोपलेला मी तिच्या टाळीनं जागा झालो. रेकॉर्डिंगमध्ये ती टाळी कुठून येणार?

दुसरं उत्तर: शिवाय समोरचे बहुतेक गिरणी-शेतातले. दादा त्यांच्यातलेच, सिन्नरच्या देशवंडीचे. भाषण कंटाळवाणं वाटायचं, गाणं घरी जायचं.

प्रश्नकर्ता: आजीला वाचून दाखवलं. म्हणाली, "कर्णा आमच्याकडंबी तसाच बोंबलायचा."