मदत हवी आहे: ऑटोमॅटिक गाडीचे गिअर उशिरा पडतात, खरंच बॉक्स उतरवावा लागेल का?

गाडी १५ वर्षं जुनी, रनिंग १ लाख ३४ हजार किमी. चार गतींचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स, टॉर्क कन्व्हर्टरवाला, म्हणजे इंजिनची ताकद ऑइलमार्फत बॉक्सकडे जाते. सेकंडहँड घेतली, माझ्याकडे येऊन तीन वर्षं झाली. आधीच्या मालकाने गिअरबॉक्सचं ऑइल कधी बदललं होतं का, देव जाणे. मीही बदललेलं नाही. हे आधीच कबूल करतोय, म्हणजे त्यावरून बोलणी खायला नकोत.

त्रास असा आहे. सकाळी गाडी सुरू करून लिव्हर डीमध्ये टाकला की काहीच होत नाही. मनात एक, दोन, तीन मोजायचं, मग मागून कुणीतरी ढकलल्यासारखा धक्का बसतो आणि गाडी निघते. रिव्हर्सचंही तेच. पुढे चालायला लागल्यावर १ वरून २ बरा पडतो, पण २ वरून ३ जाताना आरपीएमचा काटा अडीच हजारावरून तीन-सव्वातीन हजारावर चढतो, स्पीड तेवढाच राहतो, आणि मग सावकाश काटा खाली येऊन गिअर बसतो. पंधरा-वीस मिनिटं चालवली की हे सगळं बरंचसं कमी होतं. म्हणून गॅरेजला नेली की गाडी शहाण्यासारखी वागते.

मेकॅनिकने एक चक्कर मारून निकाल दिला : क्लच प्लेट गेल्या, बॉक्स उतरवून ओव्हरहॉल. गाडीच्या कॉम्प्युटरमधले बिघाडाचे कोड वाचणारा स्कॅनर लावला नाही. ऑइल मी स्वतः पाहिलंय, डिपस्टिकवर वरच्या खुणेपर्यंत आहे. रंग तपकिरी, जळका वास नाही. डॅशबोर्डवर कुठलाही दिवा नाही.

ओव्हरहॉलला हो म्हणण्याआधी घरच्या घरी काय तपासता येईल? आणि तोवर गाडी चालवू की उभी ठेवू?

ग्रीसचे हात
घाई करू नका. एका वाक्यात तुम्ही दोन वेगवेगळ्या तक्रारी सांगितल्यात, त्या आधी सुट्या करू.

डीमध्ये टाकल्यावर गाडी हलायला वेळ लागतो, म्हणजे बॉक्समधल्या पंपाने ऑइलचा दाब तयार करून पहिल्या गिअरच्या क्लचपर्यंत पोचवायला उशीर होतोय. चालू गाडीत काटा वर जातो आणि स्पीड वाढत नाही, म्हणजे जुना क्लच सुटला पण नवा अजून पकडत नाहीये. तिसरा एक प्रकार असतो, गिअर नीट पडतो पण नेहमीपेक्षा जास्त आरपीएमला पडतो. तो तुमच्याकडे दिसत नाही. तो असता तर मी थ्रॉटलच्या सेन्सरकडे, किंवा त्याहून जुन्या गाडीत थ्रॉटलच्या केबलकडे पाहायला सांगितलं असतं.

तुमच्या दोन्ही तक्रारींचं मूळ एकच असू शकतं : दाब कमी पडणं. दाब कमी पडला तर धडधाकट क्लचसुद्धा घसरतो. त्यामुळे नुसती चक्कर मारून प्लेट गेल्या असं सांगणं म्हणजे खोकला ऐकून फुप्फुस काढायला सांगण्यासारखं आहे.

आधी मोजा. गाडी सपाटीवर, पूर्ण ब्रेक आणि हँडब्रेक लावून, आयडलवर. न्यूट्रलमधून डीमध्ये टाका आणि गिअर पकडल्याचा बारीक धक्का जाणवेपर्यंतचा वेळ मोबाइलच्या स्टॉपवॉचवर घ्या. मग परत न्यूट्रल, एक मिनिट थांबा, पुन्हा मोजा. तीन वेळा करून सरासरी काढा, मग रिव्हर्ससाठी तेच. तुमच्यासारख्या बॉक्सच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये डीला साधारण १.२ सेकंद आणि रिव्हर्सला १.५ सेकंद ही वरची मर्यादा सापडते. मॅन्युअलमधली चाचणी गरम गाडीवर असते, पण तुम्ही थंडीतही मोजून ठेवा. पुढे तुलना करायला उपयोग होईल.

मागच्या सीटवरून
स्टॉल टेस्ट करून टाका ना. ब्रेक दाबून डीमध्ये पूर्ण एक्सिलरेटर द्यायचा, काटा किती वर जातो बघायचं. क्लच घसरत असेल तर लगेच कळतं.

ग्रीसचे हात
कृपया नको. त्या चाचणीत इंजिनची सगळी ताकद टॉर्क कन्व्हर्टरमधल्या ऑइलची उष्णता होऊन बसते. म्हणून मॅन्युअलवाले ५ सेकंदांच्या वर जाऊ नका म्हणून बजावतात. ऑइलची पातळी खात्रीने माहीत नसलेल्या, मुळातच घसरणाऱ्या बॉक्सवर तर अजिबात नको. शिवाय समोर भिंत आणि ब्रेकची खात्री नाही, हा वेगळाच विषय.

चौथा गिअर
माझा एकच प्रश्न आहे. ऑइल पाहिलंत तेव्हा इंजिन चालू होतं की बंद?

धागाकर्ता
बंद. सकाळी, थंड गाडीत. इंजिन ऑइल पाहतो तसंच. चुकलं का?

चौथा गिअर
बहुधा इथेच चुकलंय. इंजिन ऑइलची सवय इथे दगा देते. इंजिन बंद असताना टॉर्क कन्व्हर्टर आणि कूलरच्या पाइपांतलं बरंच ऑइल खाली पॅनमध्ये उतरतं. त्यामुळे काडीवर पातळी फुगलेली दिसते. इंजिन सुरू झालं की पंप ते ऑइल पुन्हा वर खेचतो आणि खरी पातळी उघडी पडते.

बहुतेक गाड्यांत पद्धत अशी : निदान वीस मिनिटं चालवून बॉक्स गरम करा, सपाटीवर उभी करा, ब्रेक दाबून लिव्हर प्रत्येक खाचेत दोन-तीन सेकंद थांबवत पूर्ण फिरवा, परत पीमध्ये आणा. इंजिन चालूच ठेवा. काडी काढा, पुसा, पूर्ण घाला, काढा. 'हॉट'च्या दोन खुणांमध्ये पातळी हवी. पुसायला सुती फडकं नको, त्याचे धागे आत गेले तर व्हॉल्व्ह बॉडीत, म्हणजे ऑइल हव्या त्या क्लचकडे वळवणाऱ्या बारीक वाटांत, अडकतात. काही कंपन्यांच्या गाड्यांत मात्र इंजिन बंद करून लगेच पाहायचं असतं, त्यामुळे तुमच्या गाडीचं पुस्तक एकदा उघडाच.

आणखी एक. लांब वळणावर किंवा जोरात ब्रेक मारून पुन्हा निघताना काटा क्षणभर मोकळा सुटतो का?

धागाकर्ता
अरे हो! चढावर एक लांब वळण आहे, तिथे हमखास. मी त्याला चढाचा दोष देत होतो.

चौथा गिअर
मग माझा संशय पातळीवरच. वळणावर ऑइल एका बाजूला कलतं, फिल्टरचं तोंड उघडं पडतं आणि पंप हवा ओढतो. हवा दाबली जाते, तिने क्लच दाबला जात नाही. तुमचा त्रास गरम झाल्यावर कमी होतो तेही याच्याशी जुळतं, कारण तापल्यावर ऑइल फुगून पातळी वर येते. पंप किंवा आतले सील झिजलेले असते तर बऱ्याचदा उलटं दिसतं : थंडीत बरं आणि गरम ऑइल पातळ झालं की त्रास. पण कडक झालेले रबरी सीलही थंडीतच त्रास देतात, त्यामुळे एवढ्यावर निकाल देत नाही.

नुकताच आलोय
माझ्या एएमटी गाडीतही गिअर सावकाश पडतात, गिअर बदलताना डोकं पुढे जातं. मीही हे लाल ऑइल टॉपअप करू का?

ग्रीसचे हात
दादा, थांबा! एएमटी म्हणजे साधा मॅन्युअल गिअरबॉक्स, क्लच दाबायला आणि गिअर टाकायला तुमच्या हातापायांऐवजी ॲक्च्युएटर नावाची यंत्रणा. तिथे एटीएफचा, म्हणजे ऑटोमॅटिक बॉक्सच्या या लाल ऑइलचा, संबंध नाही, आणि थोडा थांबा तर त्या यंत्रणेत असतोच. सीव्हीटीचं, म्हणजे ठरावीक गिअर नसलेल्या ऑटोमॅटिकचं, ऑइलही वेगळं असतं. वेगळा धागा काढा, तिथे बोलू.

धागाकर्ता
अपडेट. आज सांगितल्याप्रमाणे पाहिलं. गरम बॉक्स, इंजिन चालू, पीमध्ये. काडीच्या टोकाला जेमतेम ओल! 'हॉट' सोडाच, खालच्या 'कोल्ड' खुणेलाही लागत नाही. तीन वर्षं मी चुकीची काडी वाचत होतो म्हणायची.

वेळही मोजली. आज सकाळी थंड गाडीत डीला २.८ सेकंद, रिव्हर्सला ३.४. गरम झाल्यावर १.४ आणि १.८.

आता सरळ ऑइल ओतू?

ग्रीसचे हात
ओता, पण बेताने. पुस्तकात जो एटीएफचा प्रकार लिहिलाय तोच. लाल दिसतं म्हणून कुठलंही नको, कारण क्लचने किती पटकन पकडावं हे ऑइलच्या घर्षणगुणावर ठरतं आणि रंगावरून त्यातलं काहीही कळत नाही. काडीच्याच नळीतून, बारीक फनेलने, एकावेळी २०० मिली. दर वेळी लिव्हर फिरवून पुन्हा पाहा. जास्त झालं तर फिरणारे भाग त्याला घुसळतात, फेस होतो, आणि फेसात हवाच असते. म्हणजे पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

पण खरा प्रश्न वेगळा आहे. हे इंजिन ऑइल नाही, ते जळून कमी होत नाही. कमी झालंय म्हणजे कुठून तरी गळलंय. गळती शोधल्याशिवाय जास्त चालवू नका.

धागाकर्ता
एकूण एक लिटरपेक्षा थोडं जास्त गेलं! वळणावरचा प्रकार त्याच क्षणी गायब.

गळतीने मात्र दमवलं. रात्रभर खाली पुठ्ठा ठेवला, सकाळी कोरडा ठणठणीत. मग इंजिन चालू ठेवून टॉर्च घेऊन बसलो. दहा-बारा मिनिटांनी रेडिएटरच्या खालच्या बाजूला एक थेंब. तिथे गिअरबॉक्सच्या कूलरचा रबरी होज येतो, त्याचा क्लॅम्प सैल आणि आजूबाजूला तेलात भिजलेल्या धुळीचा थर. इंजिन बंद असताना लाइनमध्ये दाब नसतो, म्हणून उभ्या गाडीखाली डाग पडतच नव्हता. होज तोंडाशी तडकला होता. होज आणि क्लॅम्प दोन्ही बदलले.

रेडिएटरमधलं कूलंटही पाहिलं, स्वच्छ आहे. ऑइलमध्येही दुधाळ गुलाबीपणा नाही.

चौथा गिअर
शाब्बास. कूलंटचं न सांगता पाहिलंत हे फार बरं केलंत. पाणी आत शिरलं असतं तर क्लचचं अस्तर सुटायला लागतं, मग खरंच बॉक्स उतरवावा लागला असता.

एकदा स्कॅनरही लावा, पण गिअरबॉक्सचा कंट्रोलर वाचणारा. स्वस्तातले स्कॅनर बऱ्याचदा फक्त इंजिनचे कोड दाखवतात. पी ०७०० आला तर त्याचा अर्थ एवढाच की गिअरबॉक्सच्या कंट्रोलरकडे काहीतरी नोंद आहे, खरा कोड तिथे जाऊन वाचा. पी ०७३३ म्हणजे तिसऱ्या गिअरचं गुणोत्तर जुळत नाही, पी ०७५० च्या आसपासचे कोड सोलेनॉइडचे (ऑइलच्या वाटा उघडणारे-मिटणारे विजेवरचे व्हॉल्व्ह), पी ०७१५ आणि पी ०७२० हे स्पीड सेन्सरचे.

धागाकर्ता
ओळखीच्यांकडे चांगला स्कॅनर होता. फक्त पी ०७३३, तोही जुना, साठवलेला. पुसला. आता २ वरून ३ पुष्कळ सुधारलाय, पण सकाळी अजून किंचित रेंगाळतो. ऑइल पूर्ण फ्लश करून टाकू का मशीनने?

मागच्या सीटवरून
जुन्या ऑइलला हात लावूच नका. ऑइल बदललं आणि आठवड्यात बॉक्स बसला, असं किती जणांचं ऐकलंय.

ग्रीसचे हात
ऐकलंय मीही. बहुतेक वेळा तो बॉक्स आधीच संपलेला असतो, म्हणूनच तर माणूस ऑइल बदलायला जातो, आणि मग नाव ऑइलचं होतं. पण मशीनने दाबाखाली फ्लश मीही सांगणार नाही. इतक्या वर्षांचा गाळ हलून व्हॉल्व्ह बॉडीत जाऊ शकतो.

मधला मार्ग : पॅनचा प्लग उघडा, निघेल ते मोजून घ्या आणि तेवढंच नवं भरा. कन्व्हर्टरमधलं ऑइल आतच राहतं, त्यामुळे एका खेपेला निम्म्याच्या आसपासच बदलतं. पाच-सातशे किमीनंतर पुन्हा एकदा. मोजायला मात्र विसरू नका. पहिल्या खेपेला पॅन उतरवून फिल्टर पाहा, आणि आतले लोहचुंबक नीट बघा. त्यांवर राखाडी मऊ लेप असणं ही वयाची खूण आहे. बोटाला टोचणारे धातूचे कण किंवा काळ्या अस्तराचे तुकडे दिसले तर तुमचा मेकॅनिक बरोबर होता.

धागाकर्ता
दोन महिन्यांनी शेवटचं अपडेट, कारण असे धागे अर्धवट सोडलेले पाहून मला स्वतःला राग येतो.

चुंबकांवर फक्त लेप होता, तुकडे नाहीत. फिल्टर बदलला, दोन खेपांत ऑइल बदललं. सकाळच्या थंड गाडीत आता डीला ०.९ सेकंद, रिव्हर्सला १.२. पहिल्या एक-दीड किमीत ३ अजून जरा मऊ पडतो, काटा शे-दीडशेने वर जातो, मग दिवसभर काही नाही. गार बॉक्समध्ये चौथा गिअर लागत नाही त्याची मला काळजी वाटली होती, पण पुस्तकात लिहिलंय की बॉक्स तापेपर्यंत कंट्रोलर तो मुद्दाम रोखून धरतो. काडी दर पंधरवड्याला बघतोय, पातळी हललेली नाही. होजचा सांधा कोरडा.

चौथा गिअर
तो सकाळचा ३ म्हणजे वयाने कडक झालेले सील असणार. सध्या त्याच्या मागे लागू नका. काटा पाचशेने सुटायला लागला किंवा गरम गाडीतही व्हायला लागलं, तर आधी गेज लावून दाब मोजून घ्या, मग बोलू. मेकॅनिकला सांगितलंत का?

धागाकर्ता
सांगितलं. म्हणाला, 'ऑइल तर मी पाहिलं होतं, फुल होतं.' इंजिन बंद करून पाहिलं होतं का, हे विचारायला तोंड उघडलं होतं, पण तीन वर्षं मीही तसंच पाहत होतो, म्हणून गप्प बसलो.