न्यू जर्सीहून आरव्हीने फ्लोरिडाला, आय-९५ हायवे टाळून कसं जावं?

माहेर_नगर
नमस्कार मंडळी. आम्ही दोघं, मी आणि आमचे हे, दोघंही रिटायर, एडिसनला राहून पंचवीस वर्षं झाली. यंदा एक जुनी क्लास सी आरव्ही, म्हणजे चाकांवरचं घर, घेतली, २६ फूट लांब, उंची छतावरच्या एसीसकट ११ फूट २ इंच. ह्यांनी शिडी लावून टेपने मोजली आणि आकडा कागदावर लिहून ड्रायव्हरच्या डोळ्यासमोर चिकटवलाय. तुळशीचं लग्न लावलं की निघायचं आणि मार्चपर्यंत फ्लोरिडात ओकालाच्या बाजूला मुक्काम ठोकायचा असा बेत आहे, बर्फ उपसायचा आता खरंच कंटाळा आलाय.

अडलंय ते रस्त्याशी. मॅप सांगतो सरळ ९५ धरा. सप्टेंबरात सराव म्हणून त्याच रस्त्याने व्हर्जिनियापर्यंत जाऊन आलो, तेव्हा शुक्रवारी दुपारी वॉशिंग्टनच्या बेल्टवेवर, म्हणजे शहराभोवतीच्या रिंग रोडवर, असे अडकलो की चाळीस मैलांना अडीच तास लागले. त्यात कुणीतरी मध्ये घुसलं, ह्यांनी ब्रेक दाबला, वरच्या कपाटातला साबुदाण्याचा डबा सुटला आणि भरल्या बेल्टवेवर माझ्या मांडीत पाऊस पडला. अजून सीटच्या फटीतून साबुदाणा निघतोय. ह्यांचं म्हणणं आता शहर दिसलं नाही पाहिजे. वेळ आहे आमच्याकडे, चार दिवस लागोत की सहा. कुणी गेलंय का आडवाटेने?

रानवाटा
ताई, आम्ही चार वेळा गेलोय, आणि ९५ चं नाव आमच्या घरात काढत नाहीत. तुम्ही २८७ नंबरच्या हायवेवरून ७८ ला लागा, सरळ पश्चिमेला पेनसिल्व्हेनियात. अॅलनटाऊनच्या आसपास गोदामंच गोदामं आहेत त्यामुळे ट्रक भरपूर, पण गाडी चालती राहते. हॅरिसबर्गच्या अलीकडे ७८ संपून ८१ लागतो, तो पकडला की दक्षिणेकडे तोंड. मेरीलँड तर बारा मैलांत संपतं, मग थोडं वेस्ट व्हर्जिनिया आणि त्यानंतर अख्खी शेनन्डोआ व्हॅली, डावीकडे ब्लू रिज, मध्ये विंचेस्टर, हॅरिसनबर्ग, स्टॉन्टन अशी छोटी गावं, मोठं म्हणावं तर एक रोनोक आणि तेही बाजूला राहतं. फिलाडेल्फिया, बाल्टिमोर, वॉशिंग्टन, रिचमंड चारही टळली.

पुढे विथव्हिलच्या जरा अलीकडे फोर्ट चिझवेलला ७७ साऊथ. इथे पाटी नीट बघा, चुकलात तर पुढचे काही मैल एकाच रस्त्यावर ८१ साऊथ आणि ७७ नॉर्थ अशा दोन्ही पाट्या एकाखाली एक दिसतात, नवरा-बायकोत भांडण लावायला एवढं पुरे आहे. ७७ ने शार्लटवरून कोलंबिया, तिथून २६ ने पुन्हा ९५ ला. साऊथ कॅरोलायनातला ९५ चा तुकडा घ्यावाच लागतो. सगळं मिळून ऐंशी-नव्वद मैल जास्त पडतात. तुमची गाडी गॅलनला आठ-नऊ मैल देत असेल तर दहा-अकरा गॅलन पेट्रोल जादा, त्या अडीच तासांच्या मानाने मला तरी स्वस्त वाटतं.

आता फुकट काही नसतं. ८१ वर ट्रक इतके की दोन ट्रकांच्या मधोमध लग्नाच्या वरातीत अडकल्यासारखं वाटतं, आणि रस्ता सतत चढ-उतार. दुसरं म्हणजे फॅन्सी गॅप. ७७ वर नॉर्थ कॅरोलायनाच्या हद्दीच्या आधी डोंगरावरून सात-आठ मैल सलग उतार आहे, वारा आडवा लागतो आणि धुकं पडलं की पडलंच. २०१३ च्या मार्चमध्ये तिथे धुक्यात ९५ गाड्या एकमेकांवर आदळल्या होत्या, त्यानंतर वेगमर्यादा बदलणाऱ्या इलेक्ट्रॉनिक पाट्या लावल्यात. पाटी काय म्हणते ते ऐका. बोरघाट जसा खालच्या गिअरमध्ये उतरवतात तसंच, गिअरच्या दांड्याच्या टोकाला टो-हॉलचं बटण असेल ते दाबून इंजिनाला गाडी धरू द्या, ब्रेकवर पाय ठेवून बसू नका. धुकं असेल तर वर विथव्हिललाच मुक्काम करायचा आणि सकाळी दहानंतर उतरायचं, एवढा एक नियम पाळला तर काही अवघड नाही.

चारचाकी_काका
८१ चांगलाच आहे पण नोव्हेंबरच्या शेवटी डोंगरात बर्फ लागला तर? मी ३०१ वाला. डेलावेअरमध्ये मिडलटाऊनपासून ३०१ चा नवा टोलरोड आहे, २०१९ पासून, तिथून मेरीलँडची शेतं, मग चेसापीकच्या खाडीवरचा बे ब्रिज, मग खाली पोटोमॅकवरचा नाइस ब्रिज. तो पूर्वी दोनच लेनचा अरुंद होता, समोरून ट्रक आला की आरसा आत घ्यावासा वाटायचा. २०२२ मध्ये नवा चार लेनचा झाला. पुढे व्हर्जिनियात रिचमंडच्या वर ९५ ला लागायचं आणि २९५ ने रिचमंडला वळसा. अंतर जवळपास ९५ एवढंच.

खोट दोन. वॉल्डॉर्फचे सिग्नल, एकामागोमाग एक, संपतच नाहीत. आणि बे ब्रिज उंच आहे, वाऱ्याच्या दिवशी उंच गाड्यांवर बंधनं येतात, निघण्याआधी बघून घ्या.

आणि कुठल्याही कारणाने बाल्टिमोरमधून जायची वेळ आलीच तर लक्षात ठेवा, तुमच्या गाडीवर प्रोपेनचा सिलिंडर आहे. तिथल्या दोन्ही बोगद्यांत १० पौंडांहून मोठा सिलिंडर चालत नाही. आधी आम्ही आरव्हीवाले फ्रान्सिस स्कॉट की नावाच्या पुलावरून जायचो, तो २६ मार्च २०२४ ला जहाज आदळून पडला, त्यामुळे आता ६९५ ने पश्चिमेकडून पूर्ण वळसा. साधा मॅप तुम्हाला खुशाल बोगद्यात घालतो, त्याला ना तुमची उंची माहीत ना सिलिंडर.

नवखा_पुणेकर
भारी धागा. एक बावळट प्रश्न, एवढं धूड चालवायला तिकडे वेगळं लायसन लागत नाही का?

चारचाकी_काका
नाही रे बाबा. बहुतेक राज्यांत २६,००० पौंडांच्या आत साधं कारचं लायसन चालतं, क्लास सी साधारण १४,५०० च्या आसपास असते. मलाही पहिल्यांदा पटलं नव्हतं.

माहेर_नगर
इतकं सविस्तर कुणी सांगेल वाटलं नव्हतं, मनापासून आभार. ह्यांना वाचून दाखवलं, बे ब्रिजचं नाव काढताच "नको" म्हणाले, त्यांना उंच पुलाची भीती आहे पण कबूल करत नाहीत, वारा असतो म्हणतात. म्हणजे ८१. पण मग रात्री थंडीत पाण्याच्या पाइपचं काय करायचं? आणि वाटेत कॅम्पग्राउंड चालू असतात का? आणखी एक, हसू नका, माझी तुळस सोबत नेणार आहे. कुंडी शॉवरच्या खणात बसते, मोजून बघितलंय. सोबत कढीपत्त्याचं झाडही न्यावं म्हणते.

कोल्हापुरी_तडका
ताई तुळस बिनधास्त न्या, माझी पण शॉवरमध्येच असते, कुंडीच्या दोन्ही बाजूंनी टॉवेल कोंबायचे. कढीपत्ता मात्र राहू द्या. तो लिंबाच्याच कुळातला, आणि लिंबू-संत्र्याच्या झाडांना जो ग्रीनिंग रोग होतो तो पसरवणारा कीडा कढीपत्त्यावर वाढतो. त्या रोगाने फ्लोरिडातल्या संत्र्याच्या बागा पार खलास केल्यात, त्यामुळे या जातीची झाडं बाहेरून आणायचे नियम फार कडक आहेत. शेजारणीकडे ठेवा, तिला पानं मिळतील.

पाण्याचं असं की घरूनच टाकी आणि पाइप रिकामे करून गुलाबी अँटीफ्रीझ भरून निघायचं. म्हणजे गाडीतला नळ बंद. प्यायला-स्वयंपाकाला पाण्याचे कॅन, आणि संडासात टाकायला एक जग भरून अँटीफ्रीझ वेगळं ठेवायचं. हे सगळं साऊथ कॅरोलायनापर्यंत. तिथे पहिल्या उबदार दिवशी पाइप धुवून पाणी सुरू. पहिल्या वर्षी आम्ही शहाणपणा करून टाकी भरून निघालो आणि हॅरिसनबर्गला सकाळी पंपाशेजारचा सांधा तडकलेला, पलंगाखाली तळं. ह्यांनी माझ्या नेसायच्या पंचवीस साड्यांतल्या नेमक्या चांगल्या दोन काढून पुसलं. असो.

उत्तरेतली बरीच कॅम्पग्राउंड ऑक्टोबरमध्येच बंद होतात, ८१ वरची काही वर्षभर चालू असतात पण फोन करूनच जा, आणि फोनवर "वीज चालू आहे का" एवढंच नको, पाणी आणि डम्प स्टेशन (सांडपाणी सोडायची जागा) चालू आहे का तेही विचारा. एका रात्रीपुरतं काही वॉलमार्ट थांबू देतात, सगळे नाही, आत जाऊन मॅनेजरला विचारायचं.

दिवसाला तीनशे मैल आणि दुपारी तीनच्या आत मुक्काम, हा आरव्हीवाल्यांचा जुना हिशोब खरा आहे. तुम्हाला पहिला दिवस विंचेस्टर, दुसरा विथव्हिल, तिसऱ्या दिवशी फॅन्सी गॅप उतरून शार्लट दुपारी बाराच्या आसपास पार करायचं, ७७ शहराच्या पोटातून जातो म्हणून ४८५ चा बाहेरचा रिंग घ्या. जॅक्सनव्हिललाही तेच, २९५ ने वळसा, मग १० वरून बाल्डविन आणि ३०१ ने खाली ओकाला. स्टार्कला आता बायपास झालाय. लॉटी आणि वॉल्डो या दोन गावांत वेगमर्यादा अचानक उतरते आणि ही गावं त्यासाठीच प्रसिद्ध आहेत, पाटी दिसायच्या आधीच पाय उचला.

मार्चपर्यंत स्टेट पार्कमध्ये राहायचा विचार असेल तर विसरा. तिथल्या रहिवाशांना ११ महिने आधी आणि आपल्याला १० महिने आधी बुकिंग मिळतं, उरलेलं आपल्या वाट्याला. खासगी पार्कमध्ये महिन्याचा दर विचारा.

रानवाटा
+१ सगळ्याला. फक्त तारीख. पंचांगाबरोबर इकडचं कॅलेंडर पण उघडा, तुळशीचं लग्न आणि थँक्सगिव्हिंग (नोव्हेंबरातल्या गुरुवारची इकडची मोठी सुट्टी) काही वर्षी जवळजवळच येतात. त्या आठवड्यातला बुधवार आणि नंतरचा रविवार कुठलाच रस्ता रिकामा नसतो, ८१ सुद्धा नाही. आणि टायरच्या बाजूला चार आकडे असतात ते बघा, पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. जुन्या आरव्हीचे टायर दिसायला नवे पण वयाने म्हातारे असतात.

माहेर_नगर
ह्यांनी आत्ता टॉर्च घेऊन खाली जाऊन बघितलं. मागच्या चारपैकी दोन टायर २०१५ चे. उद्या सकाळी टायरवाला. बाकी ठरलं, ८१ आणि ७७, निघायचं थँक्सगिव्हिंगच्या मंगळवारी नाही तर सरळ पुढच्या मंगळवारी. कपाटांना लहान मुलांसाठी मिळतात ती कुलपं लावलीत, साबुदाणा यावेळी सिंकखाली.

कोल्हापुरी_तडका
सिंकखाली नको हो, तिथेच पाइप गळतो. भिजलेला मिळेल थेट.