बोल्टची लांबी कुठून मोजायची?

‘ड्रॉइंगवर बोल्टचा व्यास आणि एकूण लांबी दिली की झालं’ असं एका भावानं लिहिलंय, त्यावर थोडं. विषय फाउंडेशन बोल्टचा, म्हणजे लोखंडी खांब पायाला धरून ठेवणारा, काँक्रीटमध्ये रोवलेला बोल्ट.

शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्री शेडच्या कामावर मी हेच भोगलंय. एम २४ चे, म्हणजे २४ मिमी व्यासाचे बोल्ट. ड्रॉइंगवर बाण काढून १२५ लिहिलेलं, पण बाणाचं खालचं टोक कुठल्या लेव्हलवर, त्याचा पत्ता नाही. १२५ चा हिशेब साधा होता: ग्राउट (प्लेटखाली भरायचा मसाला) ४०, बेस प्लेट (खांबाच्या तळाची प्लेट) २५, वॉशर ४, दोन नट ४४ आणि वर तीन आटे (थ्रेड) ९ मिमी. म्हणजे १२२, गोल करून १२५. हे सगळं पेडेस्टलच्या, म्हणजे खांबाखालच्या ओट्याच्या काँक्रीटपासून. आमच्या मिस्त्रीनं मोजलं फ्लोअरपासून, आणि पेडेस्टल फ्लोअरच्या ५० मिमी वर! प्लेट बसवल्यावर हातात उरले १० मिमी. त्यात वॉशर बसला, नट कुठला बसायला? शेवटी ब्रेकर लावून फोडाफोडी.

म्हणून प्रोजेक्शन (काँक्रीटच्या वर राहणारी बोल्टची लांबी) कुठून, ते सेक्शनमध्ये (उभ्या छेदाच्या ड्रॉइंगमध्ये) लेव्हल टाकूनच दाखवा. आट्यांची लांबी वेगळी लिहा. बोल्टचा ग्रेड पण हवाच, नाहीतर ८.८ ग्रेडच्या (जास्त ताकदीच्या, वेल्डिंगनं कमजोर होणाऱ्या) बोल्टला कुणीतरी खुशाल वेल्डिंग मारून लांब करतो. प्लॅनमध्ये नुसतं बोल्ट ते बोल्ट अंतर नको, ग्रिडपासूनही (खांबांच्या मध्यरेषांपासूनही) द्या. मग टेम्प्लेट (बोल्ट जागेवर धरणारी भोकांची प्लेट) लावल्यावर कर्ण मोजून खात्री करता येते.

आणि हो, आट्यांना ग्रीस लावून कापड गुंडाळा. आपल्याकडचा जुलै बोल्टला सोडत नाही.