ब्रिज: 11 गुणांवर ओपन करावं की पास? सल्ला हवा

दारव्हेकर
नमस्कार मंडळी. आमचं गाव दारव्हा तालुक्यात. सोयाबीन घरात आलं की संध्याकाळी जरा सवड मिळते, मग शाळेच्या ओट्यावर ब्रिज रंगते. सगळे मेंढीकोट खेळता खेळता इकडं वळलेले.

परवा वाटप माझं, म्हणजे पहिली बोली माझी (पास न म्हणता बोली सुरू केली की त्याला ओपन करणं म्हणतात). पत्ते असे:
इस्पीक: एक्का, राजा, नव्वी, सत्ती, तिर्री
बदाम: एक्का, दश्शी, अठ्ठी, पंजी
चौकट: छक्की, चौकी, दुर्री
किलवर: नुसती अठ्ठी

मी 'एक इस्पीक' बोललो, म्हणजे इस्पीक हुकूम धरून आम्ही दोघं मिळून सात हात करू. माझे भिडू म्हणजे गावातले मोठे गुरुजी. ते म्हणाले, "13 गुणांशिवाय ओपन करायचं नाही." आम्हाला हा खेळ त्यांनीच शिकवला, त्यांच्या शब्दाला मान आहे. पण असे पत्ते पास करायला मन घेत नाही. रेघ नेमकी कुठं ओढायची?

वणीचा भिडू
भाऊ, बोललात ते बरोबरच. काहून पास करायचं? एक्क्याचे 4, राजाचे 3, राणीचे 2, गुलामाचा 1, हे मोजणं पहिली पायरी झाली. त्यात सगळ्यात लांब दोन रंगांचे पत्ते मिळवा. बेरीज 20 भरली तर ओपन करा. तुमचे 11, इस्पीक 5, बदाम 4. भरले 20.

आता उलट उदाहरण. इस्पीक राणी-गुलाम-चौकी-दुर्री, बदाम राजा-गुलाम-पंजी, चौकट राणी-गुलाम-सत्ती, किलवर राणी-छक्की-तिर्री. गुण 12, तुमच्यापेक्षा एक जास्त. पण 4-3-3-3 आकार, बेरीज 19, आणि एक्का एकही नाही. हे मी बिनधास्त पास करतो. कापसाला भाव नुसत्या वजनावर मिळत नाही, धाग्याची लांबीही पाहतात. तसंच आहे हे. तुमचे 11 च्या 11 गुण दोन लांब रंगांत आहेत, आणि तेही एक्के-राजाचे. राण्या-गुलाम चार रंगांत विखुरले की हात मिळतीलच याचा भरवसा नसतो.

अकोल्याची ताई
गुरुजींचं 13 हवेतून आलेलं नाही. ब्रिजवर पुस्तकं लिहिणारे अमेरिकन जाणकार चार्ल्स गोरेन यांच्या जुन्या मोजणीत आकाराचेही गुण धरत: रंगात एकही पत्ता नसला तर 3, एकच असला तर 2, दोन असले तर 1. त्या हिशेबानं तुमच्या एकट्या किलवरचे 2 धरा. 11 आणि 2, झाले 13! म्हणजे गुरुजींच्याच नियमानं हे पत्ते ओपन करता येतात. त्यांच्यापुढं असंच मांडा, वाद होणार नाही.

मात्र एकट्या राजाचे पूर्ण 3 गुण धरून वर एकट्या पत्त्याचे 2 लावू नका. समोरून एक्का पडला की तो राजा गेला.

मेळघाटवाला
माझं मत थोडं सावध. 20 ची बेरीज भरली तरी बोलण्याआधी स्वतःला विचारा, भिडूनं उत्तर दिल्यावर माझी दुसरी बोली काय? इथं सोपं आहे: तो 'दोन किलवर' म्हणाला तर तुम्ही 'दोन बदाम'. पण दुसरी बोली सुचत नसेल तर काठावरचे पत्ते मी पास करतो. व्हल्नरेबल असताना, म्हणजे बोली बुडाली तर दंड जास्त बसतो तेव्हा, तर जास्तच जपतो.

आणि सहा पत्त्यांचा चांगला रंग, गुण 6 ते 10, अशा वेळी 'एक' न म्हणता थेट 'दोन बदाम' किंवा 'दोन इस्पीक'. सातचा रंग असला तर 'तीन'. अर्थात भिडूशी आधी ठरवून.

दारव्हेकर
ताई, गोरेनचा हिशेब गुरुजींना पटेल असा आहे, आजच दाखवतो. आणखी एक विचारतो. तिघं पास झाले आणि बोली माझ्यावर आली, तर हाच नियम?

वणीचा भिडू
नाही, तिथं मोजमाप बदलतं. चौथ्या जागेवर गुणांत नुसते इस्पीक मिळवा. 15 भरले तर ओपन, नाहीतर डाव टाकून द्या. कारण पाहा: तिघं पास, म्हणजे गड्डीतले एकूण 40 गुण दोन्ही बाजूंना बरेचसे सारखे वाटलेले. बोलीत इस्पीक सगळ्यात वरचा रंग, म्हणून अशा डावात ज्याच्याकडं इस्पीक, तो समोरच्यापेक्षा वर न चढता, त्याच पातळीवर बोली जिंकतो. तुमच्या पत्त्यांचे 11 आणि 5, 16 होतात, बोला. हेच 11 गुण असून इस्पीक दोनच असते तर मी पत्ते खाली ठेवले असते.

तिसऱ्या जागेवर उलट थोडं सैल चालतं. भिडू पास झालेला असतो, त्यामुळं चांगला पाच पत्त्यांचा रंग असेल तर 10 गुणांवरही मी ओपन करतो. डाव विरोधकांनी घेतला तरी पहिला पत्ता कोणत्या रंगाचा टाकायचा हे भिडूला कळतं. पण हे गुरुजींना आधी सांगून ठेवा. नाहीतर ते पूर्ण ताकद समजून उडी मारतील आणि तुम्ही तीनच्या पातळीवर अडकाल.

मेळघाटवाला
सरावाला चौथा माणूस नसला तर फोनवर ब्रिज बेस ऑनलाइन आहे. बाकी तिघांच्या जागी संगणक खेळतो. रेंज असेल तेव्हा नुसत्या ओपनिंगचे डाव पाहत बसलं तरी नजर बसते.