डॉक्सी चालू असूनही ताप जाईना त्याबद्दल
तुमच्या भाच्याला तिकडं अमेरिकेत कनेक्टिकटला लाइम (गोचीड चावून होणारा बॅक्टेरियाचा आजार) निघाला, त्यावरचं अँटिबायोटिक डॉक्सीसायक्लिन (डॉक्सी) चालूय तरी ताप-घाम जाईना असं लिहिलंय तुम्ही, तर त्याला डॉक्टरांना बॅबेसियाचं विचारायला सांगा की ओ, एकच गोचीड चावून दोन आजार देऊ शकते. अ‍ॅनाप्लाझ्मा (गोचिडीतूनच येणारा आणखी एक बॅक्टेरिया) असला तर डॉक्सीनंच जातो, पण बॅबेसिया बॅक्टेरिया नाहीच, मलेरियासारखा तांबड्या पेशीत शिरणारा परजीवी, त्याला डॉक्सी पुरत नाही, अ‍ॅटोव्हाक्वोन आणि अ‍ॅझिथ्रोमायसिन जोडीनं देतात, साधारण ७ ते १० दिवस. रक्ताच्या स्मिअरमध्ये, म्हणजे काचेवर रक्ताचा थेंब पसरून सूक्ष्मदर्शकाखाली बघतात त्यात, तो दिसतो. आमच्या सोलापूरकडं गोचीड म्हटलं की गाई-म्हशीच आठवतात, त्यांच्यातला बॅबेसिया वेगळ्या जातीचा, पण लघवी लाल झाली की जनावरांच्या डॉक्टरला पहिला संशय त्याचाच! भाच्याची प्लीहा काढलेली असेल तर मात्र बॅबेसिया जास्त धोक्याचा, डॉक्टरांना आजच फोन करायला लावा.