अजिंठ्याचं छत बघून गोधडी काढलीय, मदत हवी आहे
मैत्रिणींनो, परवा अजिंठ्याच्या चित्रांवरचं एक व्याख्यान ऐकलं. कंटाळा आला तर सटकता यावं म्हणून मागची खुर्ची धरली होती. पण बाईंनी १ क्रमांकाच्या लेण्याचं छत पडद्यावर लावलं आणि दीड तास कसा गेला कळलंच नाही. ५ व्या शतकातलं ते छत चौकटी-चौकटींत रंगवलंय. कुठे कमळ, कुठे फळं, कुठे उधळलेला हत्ती, जणू वर चांदवाच ताणलाय. निळा रंग तर थेट अफगाणिस्तानातल्या दगडाचा! मला मेलीला त्यात गोधडीच दिसली.

घरी आल्या आल्या दिवाळीच्या सुट्टीसाठी काढली. आत सासूबाईंच्या दोन जुन्या सुती नऊवारी, वर ठिगळांच्या चौकटी. कडेकडून आत धावदोरा घालत चाललेय, पण चौथ्या फेरीलाच मधे फुगा आलाय. कच्चे टाके कमी पडले का? उसवून मधूनच सुरुवात करू?

आणि लाल खणाचा एक तुकडा ओल्या बोटाने घासला तर रंग सोडतोय. मिठाच्या पाण्यात भिजवून थांबेल, की काढूनच टाकू? हत्ती त्याच तुकड्याचा झालाय हो, हात धजत नाही.