दातखीळ बसली की कांदा का फोडता?

मृण्मयी_क: नव्या सुनेची दातखीळ बसली की घरात दोनच उपाय: कांदा फोडून नाकाशी धरा, नाहीतर चप्पल हुंगवा. शुद्धीवर आली की "सोंगं नुसती!" सोंग नसतं ते. मारहाण, लैंगिक अत्याचार, लहानपणापासूनचा धाक, आणि पळायला जागा नाही, अशा वेळी जाणीव आणि आठवण यांची फारकत होते. पिएर जाने या फ्रेंच मानसतज्ज्ञाने 1889 मध्ये हे मांडलं. आपण अजून कांद्यावरच. माझं म्हणणं सरळ आहे. ही फारकत, म्हणजे डिसोसिएशन, दिसलं की आधी आघात शोधा.

खडूस_काका: शोधला की सापडतोच! अमेरिकेत 1973 मध्ये एका बाईच्या सोळा व्यक्तिमत्त्वांवर पुस्तक निघालं आणि मग असे पेशंट भराभर वाढले. त्याच बाईने 1958 मध्ये आपल्या डॉक्टरीणबाईंना पत्र लिहून हे सगळं खोटं असल्याचं सांगितलं होतं. बाईंनी ते मानलंच नाही. संमोहन, इंजेक्शनं, वर डॉक्टरांची अपेक्षा. मग हव्या त्या आठवणी येणारच. पुढे त्यावर कोर्टकज्जेही झाले.

मृण्मयी_क: काका, सोळा व्यक्तिमत्त्वं मी काढलीच नाहीत. मी दातखिळीबद्दल बोलतेय.

सायकियाट्री_रेसिडेंट: आमच्या ओपीडीतही सोळा व्यक्तिमत्त्वं येत नाहीत, झटके येतात. अशा डिसोसिएशनच्या झटक्यात डोळे बहुधा घट्ट मिटलेले असतात, फेफऱ्यात बहुधा उघडे. तेवढ्यावर निदान करत नाही. शंका असेल तर व्हिडिओ ईईजी, म्हणजे चित्रीकरण करत मेंदूतल्या विद्युत लहरींची तपासणी. काहींना दोन्ही असतं, म्हणून "मानसिक आहे" ऐकून फिटच्या गोळ्या परस्पर बंद करू नका. आघाताचं म्हणाल तर या झटक्यांच्या निदानासाठी मानसिक ताण सापडलाच पाहिजे, ही अट डीएसएम-5 ने, म्हणजे मानसिक आजारांच्या निदानाच्या अमेरिकन पुस्तिकेने, 2013 मध्ये काढून टाकली. अत्याचार कित्येकींच्या मागे असतो, सगळ्यांच्या नाही. विचारायचं तर सासूला बाहेर बसवून. नाहीतर सासू बोलते आणि पेशंट पदराशी चाळा करत बसते.

खडूस_काका: म्हणजे मी बरोबर.

मृण्मयी_क: "कित्येकींच्या" वाचलंत ना?

गोदाकाठची: अंगात येण्याचं काय मग? आमच्या गल्लीत एका मावशींच्या मंगळवारी अंगात येतं. तेवढा वेळ नवरा पाया पडतो, एरवी हात उचलतो. त्यांना आजारी म्हणायचं?

सायकियाट्री_रेसिडेंट: रीतीला धरून असेल आणि त्यांना स्वतःला त्याचा त्रास नसेल, तर डीएसएमही आजार म्हणत नाही. मारहाणीसाठी 181 ही महिला हेल्पलाइन आहे. नंबर द्या मावशींना, नवरा घरात नसताना.